बंदर चुकलेले प्रवासवर्णन

मराठी प्रवासवर्णनातील हॉलंड हा एका दिवसाचा देश आहे. सकाळी ट्यूलिपची बाग, दुपारी पवनचक्क्या आणि लाकडी बूट, सायंकाळी अ‍ॅमस्टरडॅमच्या कालव्यांतून काचेच्या छपराच्या बोटीची तासाभराची फेरी, आणि रात्री हॉटेलवर परतताना 'आपल्याकडे हे असे कधी होणार?' हा उसासा. आपण सवयीने ज्याला हॉलंड म्हणतो त्या नेदरलँड्सविषयी मराठीत जे लिहिले जाते त्यातील बरेचसे या चार मुक्कामांच्या पलीकडे जात नाही. लेखक बदलतात, बस बदलते, उसासा तोच राहतो.

अलीकडे यात एका नव्या प्रकाराची भर पडली आहे. नोकरीच्या निमित्ताने तिकडे स्थायिक झालेली मराठी कुटुंबे सुटीत छोटी बोट भाड्याने घेतात आणि होर्न, एन्खाउझन, मेदेम्ब्लिक अशा जुन्या बंदरगावांत एकेक रात्र मुक्काम करीत आठवडा घालवतात. पंधरा मीटरपेक्षा आखूड आणि ताशी वीस किलोमीटरपेक्षा मंद बोट चालवायला तेथे परवाना लागत नाही, त्यामुळे हे सुख सामान्य नोकरदारालाही परवडते. या सफरींची वर्णने दिवाळी अंकांतून आणि रविवारच्या पुरवण्यांतून अधूनमधून वाचायला मिळतात. वाटेतला पूल उघडतो; गळाच्या काठीला लाकडी बूट बांधून पूलवाल्याने तो बोटीकडे सोडायचा आणि त्यात नाणी टाकायची, या जुन्या पद्धतीचे कौतुक होते; धक्क्यावर बोट बांधली जाते; चीज, मासळी आणि मावळते ऊन यांचे वर्णन होते; दुसऱ्या दिवशी पुढचे बंदर येते.

हे लेखन बसमधून केलेल्या लेखनापेक्षा सरस व्हायला हवे होते. घाई नाही, गाइड नाही, शिट्टी वाजवून गोळा करणारा टूर मॅनेजर नाही. तरीही ते सरस होत नाही, असे आमचे मत आहे. बोट संथ झाली, नजर मात्र बसमधलीच राहिली. हा दोष एखाद्या लेखकाचा असता तर आम्ही हा लेख लिहिला नसता. मराठी प्रवासवर्णन या वाङ्मयप्रकारानेच बंदरावर उतरून विचारपूस करण्याची सवय सोडली आहे, आणि आम्ही शिकवणारे लोक ती सवय सुटण्याला हातभार लावत आहोत, असा आमचा आरोप आहे.

तासगावात बसून डच बंदरांवर बोलण्याचा अधिकार तुम्हाला कोणी दिला, असे कोणी विचारील. आम्ही ती बंदरे पाहिलेली नाहीत. पण येथे परीक्षण चालले आहे ते मराठी मजकुराचे, आणि मराठी मजकूर वाचण्यासाठी व्हिसा लागत नाही. शिवाय ज्या गोष्टी या मजकुरातून गळतात त्या कळायला तेथे जाण्याचीही गरज नाही. त्या इतिहासाच्या साध्या पुस्तकांत आहेत.

होर्नचेच उदाहरण घेऊ. दक्षिण अमेरिकेच्या टोकाला केप हॉर्न हे नाव १६१६ साली मिळाले ते या गावावरून. १६०२ साली स्थापन झालेल्या डच ईस्ट इंडिया कंपनीची सहा शहरांत सहा दालने होती. त्यांपैकी एक होर्नला आणि एक एन्खाउझनला होते. होर्नच्या मुख्य चौकात यान पीटरझोन कून याचा पुतळा आहे. हा याच गावचा, जन्म १५८७. कंपनीचा गव्हर्नर-जनरल झाल्यावर १६२१ साली त्याने जायफळाच्या मक्तेदारीसाठी बांदा बेटांवर स्वारी केली. (हे बांदा म्हणजे आपल्या सावंतवाडीजवळचे नव्हे, इंडोनेशियातील.) तेथील बहुतेक लोक मारले गेले, परागंदा झाले किंवा गुलाम म्हणून नेले गेले. १८९३ साली उभारलेल्या या पुतळ्यावरून खुद्द होर्नमध्येच वाद होत आला आहे. म्हणजे त्या गावातील लोकांना आपल्या चौकात काय उभे आहे याचा प्रश्न पडतो. आमच्या प्रवाशाला तो पडत नाही. त्याच्या लेखात पुतळ्याखाली मुलांनी आइस्क्रीम खाल्लेले असते.

एन्खाउझनची गोष्ट तर मराठी वाचकाला याहूनही जवळची आहे. लिन्सखोतेन नावाचा मनुष्य या गावात वाढला. १५८३ साली तो गोव्यात पोहोचला आणि तेथील आर्चबिशपचा चिटणीस म्हणून पाचेक वर्षे राहिला. बाजारपेठ, माडाची झाडे, निरनिराळ्या जातीजमातींचे व्यापारी, गुलामांचा लिलाव, पोर्तुगीजांचा डामडौल हे सारे त्याने टिपून ठेवले. परतीच्या वाटेवर अझोर्स बेटांवर दोन वर्षे अडकून पडला, तेथेही लिहीत राहिला. १५९२ मध्ये तो एन्खाउझनला परतला आणि १५९६ साली त्याचे प्रवासवर्णन प्रसिद्ध झाले. पोर्तुगीजांनी जपून ठेवलेले सागरी मार्ग, वारे, प्रवाह आणि बंदरे यांची माहिती त्याच्या लेखनातून उघड झाली, आणि पूर्वेकडे निघालेल्या डच व इंग्रज जहाजांना वाटाड्या मिळाला. एका प्रवासवर्णनाने पूर्वेकडील व्यापाराची दिशा बदलायला मदत केली असे म्हटले तर अतिशयोक्ती होणार नाही. ते ज्ञान पुढे लुटीच्या कामी आले, हेही विसरून चालणार नाही. पण एन्खाउझनचा माणूस गोव्यात पाच वर्षे डोळे उघडे ठेवून राहिला, आणि चारशे वर्षांनी आमचा माणूस एन्खाउझनला जाऊन धक्क्याच्या भाड्याचा हिशेब देतो, या विरोधाची आम्हाला लाज वाटते.

या दोरीचे दुसरे टोक आपल्याच किनाऱ्यावर बांधलेले आहे. १६३७ च्या सुमारास डच कंपनीने विजापूरच्या आदिलशाहीकडून परवानगी मिळवून वेंगुर्ल्याला वखार घातली. गोव्याच्या पोर्तुगीजांवर नजर ठेवणे आणि गोव्याची नाकेबंदी करणाऱ्या डच जहाजांना शिधापाणी पुरवणे हा तिचा एक मोठा हेतू होता. या वखारीतून गेलेली पत्रे हेगच्या अभिलेखागारात आहेत आणि शिवकालाच्या अभ्यासकांना ती साधने म्हणून उपयोगी पडली आहेत. वखारीचे भग्न अवशेष वेंगुर्ल्यात आजही उभे आहेत. म्हणजे होर्न किंवा एन्खाउझनच्या धक्क्यावर बोट बांधणारा मराठी माणूस, त्याला ठाऊक असो वा नसो, वेंगुर्ल्याच्या जुन्या देणेकऱ्यांच्या दारात उभा असतो. एवढी मोठी गोष्ट हाताशी असताना तो मावळत्या उन्हावर दोन परिच्छेद खर्च करतो, तेव्हा त्याच्या प्रतिभेला दोष देण्याआधी त्याला कोणते प्रवासवर्णन वाचायला मिळाले याची चौकशी केली पाहिजे.

ती चौकशी आपल्या अभ्यासक्रमापाशी येऊन थांबते. प्रवासवर्णन हा ललित गद्याचा एक प्रकार. स्थळवर्णन, व्यक्तिचित्रण, आत्मनिष्ठा, प्रसन्न शैली, नर्मविनोद ही त्याची वैशिष्ट्ये. अनंत काणेकरांच्या 'धुक्यातून लाल ताऱ्याकडे' (१९४०) पासून त्याला आधुनिक वळण लागले आणि पु. ल. देशपांडे यांच्या 'अपूर्वाई'ने (१९६०) ते घराघरांत नेले. हे आम्ही वर्षानुवर्षे फळ्यावर लिहीत आलो आहोत आणि विद्यार्थी ते उत्तरपत्रिकेत परत करीत आले आहेत. काणेकर काय किंवा पु. ल. काय, त्यांची थोरवी नाकारण्याचा करंटेपणा आम्ही करणार नाही. पु. लं.च्या विनोदामागे परक्या समाजाकडे पाहणारी तल्लख आणि सहृदय नजर होती. अनुकरण करणाऱ्यांनी विनोद उचलला आणि नजर तेथेच ठेवली. आम्ही वैशिष्ट्यांची यादी करताना नेमके तेच केले.

या यादीत न बसणारी पुस्तके त्याआधीच मराठीत होऊन गेली होती. पंडिता रमाबाईंचे १८८९ सालचे 'युनायटेड स्टेट्सची लोकस्थिती आणि प्रवासवृत्त' हे नावच पाहा. लोकस्थिती आधी आणि प्रवास नंतर. तेथील राज्यव्यवस्था, शिक्षण, स्त्रियांच्या संस्था कशा चालतात हे समजून घेऊन सांगणे हा त्या पुस्तकाचा गाभा आहे. वरसईचे विष्णुभट गोडसे दक्षिणा मिळवायला म्हणून उत्तरेत गेले आणि १८५७ च्या धामधुमीत झाशीत सापडले. त्यांचे 'माझा प्रवास' छापले गेले १९०७ साली. त्या भटजींना प्रसन्न शैलीची काळजी नव्हती. जे दिसले ते, भीतीसकट, त्यांनी लिहिले. ही दोन्ही पुस्तके आम्ही 'ऐतिहासिक महत्त्वाची' म्हणून एका वाक्यात आटोपतो आणि लगेच 'खऱ्या' ललित प्रवासवर्णनाकडे वळतो. मुक्काम करून लिहिणारे मागे राहतात, हिंडून लिहिणारे पुढे येतात.

मुक्काम या शब्दावर आम्ही जोर देत आहोत, कारण बंदरापासून बंदरापर्यंत होणाऱ्या प्रवासाचा तोच आत्मा आहे. मुंबईहून निघणाऱ्या कोकणच्या आगबोटी हर्णै, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, विजयदुर्ग, देवगड, मालवण, वेंगुर्ला असे थांबे घेत पणजीकडे जात. अनेक बंदरांत बोट धक्क्याला लागत नसे. पडावातून माणसे, बोचकी आणि आंब्याच्या पेट्या चढत-उतरत. चाकरमान्याच्या पिढ्यान्‌पिढ्या या थांब्यांनी घडवल्या. ही आगबोट आता नाही. कथाकादंबऱ्यांत ती येते, पण प्रवासवर्णनाच्या तासाला तिचा उल्लेख होत नाही, कारण पोटासाठी केलेला प्रवास हा आमच्या व्याख्येत प्रवासच नाही. आमच्याच सांगलीत जन्मलेले वि. स. खांडेकर १९२० साली वेंगुर्ले तालुक्यातील शिरोड्याला शिक्षक म्हणून गेले आणि १९३८ पर्यंत तेथे राहिले. तेथील दारिद्र्य त्यांच्या लेखनात उतरले ते अठरा वर्षांच्या मुक्कामातून. त्यांच्या जीवनवादाविषयी वा ध्येयवादाविषयी कोणाचे काहीही मत असो, किनाऱ्यावरचे गाव पाहायला किती वेळ द्यावा लागतो याचा तो एक दाखला आहे.

आता त्या उसाशाकडे वळू. 'किती शांत पाणी, किती शिस्त, आपल्याकडे हे कधी होणार?' हे पाणी शांत आहे कारण ते शांत केलेले आहे. एन्खाउझनसमोर पूर्वी झाउडरझी नावाचा खारा, वादळी उपसागर होता. बत्तीस किलोमीटर लांबीचा बांध घालून २८ मे १९३२ रोजी त्याचे तोंड बंद करण्यात आले आणि गोड्या पाण्याचे सरोवर तयार झाले. ज्या धक्क्यांवर आज सुटीच्या बोटी लागतात तेथे मच्छिमारांच्या होड्या लागत असत. समुद्र गेला, मासळी गेली, धंदा गेला. बांध पूर्ण होण्याच्या सात वर्षे आधी, १९२५ साली, या लोकांना साहाय्य देण्यासाठी डच संसदेने स्वतंत्र कायदा केला होता. मदत तुटपुंजी होती अशी मच्छिमारांची तक्रार राहिली, ती खरीही असेल. पण कायदा बांधाच्या आधी आला. बुडालेल्या त्या जीवनाचे संग्रहालय एन्खाउझनलाच आहे, आणि १९८३ पासून त्याच्या खुल्या विभागात मच्छिमारांची उचलून आणलेली घरे पाहायला मिळतात. पाण्याची देखभाल करणारी, निवडणुकीने बनणारी आणि स्वतःचा कर वसूल करणारी जलमंडळे त्या देशात मध्ययुगापासून आहेत. आणि एवढे करूनही १९५३ च्या समुद्री पुरात तेथे १,८३६ माणसे दगावली, त्यानंतर पुन्हा नवी बांधबंदिस्ती झाली. शिस्त ही डच माणसाच्या रक्तातील वस्तू नाही. ती भीतीतून, कायद्यातून आणि वर्गणीतून आलेली आहे. उसासा टाकणारा लेखक हे सांगत नाही, म्हणून त्याचा उसासा निरुपयोगी ठरतो. त्यातून वाचकाच्या हाती न्यूनगंडाखेरीज काही लागत नाही.

आणि हे सांगितले असते तर ते कोठे लागू पडले असते? आमच्या दारात. सातारा जिल्ह्यात कोयना धरणाचा शिवसागर जलाशय आहे. तापोळ्याला 'मिनी काश्मीर' म्हणतात. बामणोलीहून वासोट्याकडे बोटी जातात. २०२४ साली मुनावळे येथे जलपर्यटनाचा सरकारी प्रकल्प सुरू झाला. या नौकाविहाराची वर्णनेही आता भरपूर येतात, आणि ती हुबेहूब डच सफरींच्या साच्यातील असतात: निळे पाणी, हिरवे डोंगर, गरम भाकरी, मावळते ऊन. होडीच्या तळाखाली गावे आहेत, शेते आहेत, देवळे आहेत, हे एखाद्या वाक्यात आले तर येते, तेही गूढरम्यतेसाठी. जलाशय १९६० च्या दशकात भरला. प्रकल्पग्रस्तांच्या पुनर्वसनाचा महाराष्ट्राचा कायदा आला १९७६ साली. कोयनेची माणसे सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशी विखुरली, आणि २०१८ सालीही त्यांच्या वारसांना कोयनानगरला ठिय्या देऊन बसावे लागले. एन्खाउझनला कायदा बांधाच्या आधी आला, येथे धरणानंतर. ज्याने दोन्ही पाण्यांवर बोट चालवली आहे असा मराठी लेखक आज अस्तित्वात असणे अशक्य नाही. त्याने ही दोन वर्षे, १९२५ आणि १९७६, शेजारी शेजारी ठेवली असती तर त्याचे प्रवासवर्णन आम्ही डोक्यावर घेऊन नाचलो असतो.

कोयनेचे पाणी तर स्वतःच एक प्रवासवर्णन आहे. त्याचा मोठा भाग वीज निर्माण करून पश्चिमेला वाशिष्ठीत सुटतो आणि चिपळूणवरून दाभोळला, त्या जुन्या आगबोटीच्या बंदरात, समुद्राला मिळतो. उरलेले कऱ्हाडला कृष्णेत येते आणि आमच्या जिल्ह्यात शिरते. येथे, पलूस तालुक्यातील ब्रह्मनाळला, आमच्या तालुक्यातून वाहणारी आणि एरवी बहुतेक काळ कोरडी असलेली येरळा कृष्णेला मिळते. ८ ऑगस्ट २०१९ रोजी महापुरातून गावकऱ्यांना बाहेर काढणारी होडी ब्रह्मनाळजवळ उलटली आणि सतरा माणसे बुडाली. क्षमतेपेक्षा जास्त माणसे तीत होती, कारण दुसरी होडी नव्हती.

आमच्या वर्गात बसणारी मुले या भागातील आहेत. कोणाच्या घरात पुराचे पाणी छपराला लागलेले असते, कोणाचे आजोबा धरणाखाली गेलेल्या गावातून ट्रकमध्ये बसून आलेले असतात, कोणाचे आईवडील दरवर्षी ऊसतोडीला गाव सोडतात. बागायतदारांची मुले असतात, ज्यांच्या घरच्यांनी एकेकाळी टँकरने पाणी घालून द्राक्षे जगवली. पाणी आणि प्रवास या दोन विषयांवर या मुलांजवळ जेवढे सांगण्यासारखे आहे तेवढे क्वचितच कोणाजवळ असेल. त्यांना 'प्रवासवर्णन लिहा' असे सांगितले की ती महाबळेश्वरच्या सहलीचे वर्णन आणतात, बहुधा माहितीपत्रकातून उतरवलेले. त्यात सूर्यास्त हमखास असतो. आपण स्वतः केलेला वा घरच्यांनी केलेला प्रवास हा वाङ्मयाचा विषय होऊ शकतो हे त्यांना कोणी सांगितलेले नाही. सांगायचे काम आमच्यासारख्यांचे होते. एन्खाउझनच्या मावळत्या उन्हाचा आम्हाला एवढा राग का येतो, याचे कारण येथे आहे. ते ऊन आमच्या वर्गात येऊन या मुलांच्या वह्या पुसून टाकते.

यावर ठरलेला आक्षेप असा की, माणूस सुटीवर जातो तो विसाव्यासाठी. त्याच्या निवांत सफरीवर इतिहास आणि समाजशास्त्राचे ओझे कशाला? विसावा घेणाऱ्याने खुशाल घ्यावा. होर्नच्या धक्क्यावर पाय सोडून बसण्यात काही पाप नाही. आम्हालाही ते आवडेल. पण विसावा छापून वाचकापुढे ठेवला, की तो लेखन होतो आणि लेखनाचे नियम त्याला लागू पडतात. दुसरे असे, की निवांतपणा आणि जाणतेपणा यांचे वैर नाही. उलट निवांतपणा हाच जाणतेपणाचा कच्चा माल आहे. बसमधील प्रवाशाला चौकशी करायला सवड नसते, त्याला आम्ही माफ करू. ज्याच्याजवळ आठवडा होता, बोट होती आणि प्रत्येक गावात अख्खी संध्याकाळ होती, त्याला कोणत्या कारणाने माफ करायचे?

म्हणून आमचे म्हणणे थोडक्यात असे. प्रवासवर्णनाच्या वैशिष्ट्यांची जुनी यादी काही वर्षे फळ्यावर लिहूच नये. रमाबाई आणि गोडसे भटजी यांना प्रस्तावनेतून काढून मुख्य पाठात आणावे, आणि विद्यार्थ्याने स्थलांतर, पूर, विस्थापन, ऊसतोड यांपैकी घरातल्या कोणा एकाचा प्रवास विचारून घेऊन लिहिला तर त्याला त्याच वाङ्मयप्रकारात गुण द्यावेत. परदेशातून लिहिणाऱ्या मराठी लेखकांकडे आमची मागणी याहून लहान आहे. पुढच्या वेळी बोट बांधल्यावर धक्क्यावरच्या एखाद्या म्हाताऱ्याला एवढेच विचारावे: येथे पूर्वी कोणाच्या होड्या लागत होत्या, आणि ती माणसे कोठे गेली? उत्तर मिळाले तर ते तसेच्या तसे लिहून पाठवावे. सूर्यास्ताचे आम्ही आमच्याकडे पाहून घेऊ.